नळीला परवाना, गोळीचे काय?

पेठ, सुरगाणा, हरसूल या पट्ट्यात भात निसवू लागले, नागली-वरईची कणसे भरू लागली, की शेतकऱ्याचे अंथरूण घरातून वावरात जाते. बांधाशी चार खांबांचा माळा उभा राहतो. घोंगडी, बॅटरी, पत्र्याचा डबा आणि गोफण एवढा सरंजाम त्यावर जमतो. क्वचित कुणाकडे आजा-पणजाच्या वेळेपासून चालत आलेला परवाना असतो. त्याच्या माळ्यावर ठासणीची बंदूकही असते. रानडुकरांचा कळप एकदा वावरात शिरला की खातो थोडे आणि तुडवतो फार. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत भुईसपाट झालेली ज्याने पाहिली आहे, त्याला अहिंसेवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. पिकाची राखण हा शेतकऱ्याचा हक्क आहे आणि तो हक्क आपल्या कायद्यानेही मानलेला आहे.

प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ही बंदूक किती अंतरावर झाडायची आणि तिच्या नळीत नेमके काय घालायचे? परवाना कुणाला, बंदूक कोणत्या जातीची, नळी किती लांब, वापर कशासाठी या सगळ्या गोष्टींचा आपल्याकडे कागदोपत्री काटेकोर हिशेब असतो. नळीच्या तोंडातून बाहेर पडून जनावराच्या अंगात शिरते ती मात्र गोळी. तिच्याविषयी आज कुणी बोलत नाही. बंदुकीचा नेम लागतो की नाही, जनावर जागच्या जागी पडते की आतडी लोंबकळत रानात जाऊन तीन दिवस कण्हत मरते, हे ठरते गोळीवर आणि अंतरावर. हा विषय केवळ शिकाऱ्यांच्या फडातला नाही. महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणाऱ्या रोही आणि रानडुकरांना मारण्याची परवानगी देण्याचे धोरण २०१५ पासून राबवले जात आहे. केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा हा अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांपर्यंत नेला. मारण्याची परवानगी द्यायची असेल, तर नीट मारण्याची जबाबदारीही त्याच कागदावर आली पाहिजे.

मागे पडलेली बंदूक, मागे न पडलेला कायदा

ठासणीची बंदूक शेतकऱ्याच्या हाती का राहिली, याचे उत्तर शेतीत नाही, इतिहासात आहे. १८५७ ते १८५९ या काळात सिन्नरच्या परिसरात भागोजी नाईकांच्या भिल्लांनी इंग्रजांना सळो की पळो करून सोडले होते. देशभरातल्या त्या धामधुमीनंतर प्रजेच्या हातातील हत्यारे काढून घेण्याचे धोरण सुरू झाले आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. हत्यार बाळगायचे तर परवाना हवा, हे त्या कायद्याने पक्के केले. गोऱ्यांना त्यातून सूट होती, याचा सल आपल्या पुढाऱ्यांच्या भाषणांतून पुढे कित्येक वर्षे उमटत राहिला.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला आणि १९६२ पासून तो अमलात आला. त्यातले तेराव्या कलमाचे तिसरे उपकलम वाचण्यासारखे आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीसाठी किमान २० इंच लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. आणि खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक, अशी वाटणी त्यात आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तरच शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शेतकऱ्याचे पहिले आणि स्वाभाविक हत्यार ठासणीचेच.

यामागचा सरकारी हिशेब समजण्यासारखा आहे. ठासणीच्या बंदुकीत तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सारायची, गजाने ठासायची, मागे केप बसवायची आणि मग कुठे एक बार निघतो. दुसरा बार भरेपर्यंत सरावाच्या माणसाचाही निम्मा-अधिक मिनिट जातो. अशा बंदुकीने दंगा होत नाही, दरोडा पडत नाही. राज्यकर्त्याला ती निर्धोक वाटते ती तिच्या संथपणामुळे. तिचा हा एकमेव बार कुठे लागतो, याचा विचार हा हिशेब मांडताना कुणी केलेला दिसत नाही. एकच बार असेल, तर तो अचूक असण्याची गरज दुप्पट असते.

गुळगुळीत नळीचे गणित

आता गणिताकडे वळू. बंदुकीच्या नळीच्या मापाला आपण 'बोअर' म्हणतो. १२ बोअर म्हणजे काय? एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोल गोळ्या ओतल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बरोबर बसेल, ती नळी १२ बोअरची. ही मोजणीच गोल गोळीच्या जमान्यातली आहे. आज काडतुसाच्या बंदुका वापरणारेही नकळत ठासणीच्या बंदुकीचीच भाषा बोलतात.

पीकसंरक्षणाच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. गोळी आत सरकावी म्हणून ती नळीपेक्षा किंचित लहान ठेवावी लागते. बार उडाला की ही सैल गोळी नळीच्या भिंतींवर आपटत बाहेर येते आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसला असेल, त्यावर तिची दिशा थोडीशी ठरते. चांगल्या हाताने, दिवसाउजेडी, टेकण घेऊन झाडलेल्या अशा बंदुकीच्या पाच गोळ्या ५० यार्डांवर, म्हणजे सुमारे ४५ मीटरवर, पाच-सहा इंचांच्या वर्तुळात पडल्या तर बंदूक उत्तम समजावी. त्याच गोळ्या १०० यार्डांवर किती फाकतील, हे सांगायला गणिती लागत नाही. इंग्रजांच्या लाल डगल्यातल्या पलटणी हिंदुस्थानभर अशाच गुळगुळीत नळ्या घेऊन लढल्या. एकेका शिपायावर नेम धरण्याचा त्यांचा खटाटोपच नसे. रांगेने उभे राहून रांगेवर एकदम बार काढायचे, हीच त्यांची रीत. रांगेवर चालते ते रानडुकरावर चालत नाही.

गोल गोळीचा दुसरा दोष हवेत दिसतो. गोल वस्तूला हवा फार अडवते. अर्ध्या इंचाची शिशाची गोळी साडेअकरा ग्रॅमच्या आसपास भरते. ती सेकंदाला १८०० फूट वेगाने सुटली, तरी १०० यार्डांवर पोचेपर्यंत तिचा वेग अकराशे-साडेअकराशेवर येतो. आघाताची शक्ती वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते, त्यामुळे तोंडाशी असलेल्या ताकदीतली निम्म्याहून अधिक ताकद तेवढ्यात हवेत विरलेली असते. नेम ५० यार्डांवर बसवला असेल, तर तीच गोळी १०० यार्डांवर सुमारे पाच इंच खाली लागते आणि १५० यार्डांवर दीड फूट खाली. ताशी दहा मैलांचा आडवा वारा, म्हणजे पिकाची पाती सळसळवणारी झुळूक, तिला १०० यार्डांवर वीतभर बाजूला नेतो.

ही वीत लक्षात ठेवावी. रानडुकराच्या पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या अंगाला हृदय आणि फुप्फुसे असतात. गोळीने जनावर झटकन मरावे, असे हे ठिकाण जेमतेम वीतभराचे. १०० यार्डांवर वाऱ्याचीच चूक वीतभराची, गोळी पडण्याची चूक बोटभर कमी, नळीची स्वतःची चूक वीतभराहून जास्त आणि अंधारात अंतराच्या अंदाजाची चूक तर विचारूच नये. या सगळ्या चुका एकमेकींना नेहमी खोडून काढतील असे समजणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से. गुळगुळीत ठासणीच्या बंदुकीने १०० यार्डांवरचे जनावर 'मारले' अशी फुशारकी अधूनमधून ऐकू येते. त्या एका बारामागे किती बार पोटात, मांडीत, जबड्यात लागले, त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही.

नळीत काय घालतात, हा त्याहून गंभीर भाग. शिशाची एकसंध गोळी ओतायला साचा लागतो आणि थोडी शिस्त लागते. त्याऐवजी मिळेल ते भरण्याची खोड जुनी आहे: छर्रे, सायकलच्या चाकातले पोलादी मणी, सळईचे तुकडे. छर्रे तितरासाठी ठीक. डुकराच्या अंगावर ते चरबीत अडकतात. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर तर कूर्चेसारख्या चिवट थराची ढालच असते. त्या ढालीत रुतलेल्या छऱ्यांनी जनावर मरत नाही. ते पिसाळते, जखमा चिघळतात आणि आठवड्याने लाकूडफाट्याला गेलेल्या बाईच्या वाटेत ते उभे राहते. पोलादी तुकडे नळी खरवडतात, वाकडेतिकडे उडतात आणि दगडावर आपटून कुठल्या कुठे जातात. ज्याला आपण स्वस्तातला बार समजतो, तो जनावराला महाग पडतो आणि कधी माणसालाही.

सातपुड्यातला एक जुना वाद

गोळी कशी असावी, हा वाद आपल्या भागाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपात लांबट, पोकळ बुडाची गोळी आली. फ्रान्सच्या मिनिए नावाच्या अधिकाऱ्याचे नाव तिला चिकटले. त्याच्या आधी कॅप्टन नॉर्टन या इंग्रज अधिकाऱ्याने तशीच कल्पना मांडली होती. दक्षिण हिंदुस्थानातल्या फुंकनळीच्या बाणांवरून ती त्याला सुचली, असे सांगतात: बाणाच्या बुडाशी लावलेला मऊ गर फुंकीने फुगतो, नळीला घट्ट बसतो आणि वारा बाजूने निसटत नाही. पोकळ बुडाच्या शिशाच्या गोळीचे तत्त्व हेच. ती सैल भरता येते. बार उडाला की तिचे बूड फुगते, नळीतल्या मळसूत्री खाचांत बसते आणि गोळी भोवऱ्यासारखी फिरत निघते. फिरणारी गोळी डळमळत नाही. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलने हेच तत्त्व इंग्रजी फौजेच्या हाती दिले आणि माऱ्याचे अंतर शेकडो यार्डांनी वाढले. तिच्या काडतुसाला लावलेल्या चरबीने पुढे काय घडवले, हे वाचकांना सांगायला नको.

मग शिकाऱ्यांनीही हीच गोळी घ्यावी ना? पुष्कळांनी घेतली. परंतु सातपुड्याच्या रानात वनखात्यात आणि पुढे निमाडात जमाबंदीच्या कामावर असलेल्या कॅप्टन जेम्स फोर्सिथने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर एक पुस्तकच लिहून उलट बाजू मांडली. मध्य भारताच्या डोंगरांवरील त्याचे १८७१ सालचे पुस्तक आजही अभ्यासकांच्या माहितीचे आहे. हे पहिले पुस्तक तितके परिचित नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. लढाईतले अंतर आणि रानातले अंतर वेगळे. रानातली शिकार बहुतेक शंभर-दीडशे यार्डांच्या आतली असते आणि तिथे अंतर मोजायला वेळ नसतो. लांबट जड गोळी सावकाश सुटते आणि कमानीने जाते, म्हणून अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकतो. गोल गोळी भरपूर दारूने, अगदी हळू वळणाऱ्या खाचांच्या नळीतून सोडली, तर तेवढ्या अंतरापर्यंत ती जवळजवळ सरळ रेषेत जाते.

लांबट गोळी दूरवर ताकद टिकवते, यात शंका नाही. मात्र तिच्या कमानीचा हिशेब चुकवून चालत नाही. ५०० यार्डांसाठी लावलेल्या एन्फिल्डची गोळी मध्यावर माणसाच्या डोक्यावरून कितीतरी उंच जाते आणि अंतराचा अंदाज ५० यार्डांनी चुकला, तर ती चार-पाच फूट वर किंवा खाली लागते. फोर्सिथचा धडा एवढाच की गोळी निवडण्याआधी अंतर निवडावे. कोणती गोळी सर्वांत दूर जाते, हा पुस्तकी प्रश्न झाला. आपण कुठल्या अंतरापलीकडे बार काढणार नाही, हा खरा प्रश्न. आणि हा प्रश्न विचारणारा माणूस काही दयाधर्माचा पुतळा नव्हता. पट्टीचा शिकारी होता.

हीच गोष्ट आपल्या देवळालीच्या तोफखान्याच्या शाळेत वेगळ्या भाषेत शिकवली जाते. लष्कराची ८१ मिलिमीटरची उखळी तोफ आजही तोंडातूनच भरतात आणि तिची नळी गुळगुळीतच असते. तिच्या गोळ्याला मात्र शेपटाशी पंख असतात, म्हणून तो सरळ जातो. अंतर, वारा, दारूचा भार यांचा हिशेब झाल्यावाचून तो सुटत नाही. तोंडातून भरणे हा मागासलेपणा नव्हे. हिशेबावाचून झाडणे हा मागासलेपणा आहे. पॅरिसमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्याच्या समोरच्या लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे होते. त्याच्याही बाबतीत अंतर आधी ठरलेले असते. माळ्यावरच्या शेतकऱ्याला अंतर ठाऊक नसते, उजेड नसतो, जनावर स्थिर नसते आणि बंदूक शंभर वर्षांपूर्वीच्या घडणीची असते. त्याच्याकडून आपण अपेक्षा करतो ती मात्र एका बाराची.

बाहेरचे कायदे आणि आपला विसरलेला कायदा

अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीची शिकार आजही जोरात आहे. अनेक राज्यांत तिच्यासाठी वेगळा हंगाम असतो, कारण एकच बार आणि थोडे अंतर यांमुळे जनावराला निसटायला वाव राहतो. गेल्या काही दशकांत तिथे ठासणीच्या बंदुकीचेही रूप पालटले. दारूच्या तयार वड्या आल्या, प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसवलेल्या टोकदार गोळ्या आल्या, वर दुर्बीण आली आणि २०० यार्डांच्या गोष्टी सुरू झाल्या. कोलोराडो राज्याने त्यावर उत्तर शोधले. ठासणीच्या हंगामात तिथे दुर्बीण चालत नाही, प्लॅस्टिकच्या वेष्टनातली गोळी चालत नाही, दारूच्या वड्या चालत नाहीत. हरणासाठी नळीचे माप किमान ०.४० इंच आणि एल्कसारख्या मोठ्या जनावरासाठी किमान ०.५० इंच असावे लागते. इंग्लंडचा १९९१ चा हरणांविषयीचा कायदा तर रायफलच्या गोळीच्या तोंडाशी किती शक्ती असावी आणि गोळीचे टोक कसे असावे, इथपर्यंत बोलतो. जनावर मारायचे तर ते एका बारात मरेल याची तजवीज आधी करावी, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे.

'ते परदेशातले लाड आपल्याकडे कुठले!' असे कुणी म्हणेल. त्यांना एक गोष्ट आठवून द्यायला हवी. आपल्याच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात असे एक कलम होते. सतराव्या कलमात म्हटले होते की मोठ्या शिकारीचे प्राणी रायफलनेच मारावेत. बंदूक वापरायची असेल तर परवान्यात तशी खास मुभा हवी आणि तीही एकसंध गोळीचीच. छर्ऱ्यांनी मोठे जनावर घायाळ करण्याला त्यात जागा नव्हती. रात्रीच्या शिकारीवर, कृत्रिम उजेडावर, पाणवठ्यावर दबा धरण्यावर त्याच कलमाने बंधने घातली होती. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारच बंद झाली आणि शिकारच नाही तर तिचे नियम कशाला, म्हणून हे कलमही गेले. त्या वेळी ते तर्काला धरून होते.

पुढे परिस्थिती फिरली. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाने मारण्याची परवानगी द्यावी, ही अकराव्या कलमातली तरतूद कायम होती. रानडुकरांची आणि रोहींची तक्रार वाढली, तशी तिचा वापर वाढला. बिहारात २०१६ मध्ये शेकडो रोही मारले गेले आणि त्यावरून दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत जाहीर खडाजंगी झाली. मारावे की मारू नये, यावर ती सगळी चर्चा झडली. कसे मारावे, यावर चकार शब्द निघाला नाही. कायद्याची परिशिष्टे २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने मांडली गेली. गोळीविषयीचे ते जुने शहाणपण मात्र परत आले नाही. शिकारीचा परवाना असताना आपल्याकडे गोळीचा नियम होता. नियम गेल्यानंतर मारण्याची परवानगी आली. या उलट्या क्रमाकडे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

मग करायचे काय?

एक आक्षेप येथे नक्की घेतला जाईल. शेतकऱ्याचे पीक जाते, त्याची भरपाई वेळेवर मिळत नाही आणि तुम्ही डुकराच्या वेदनांचा विचार करता! आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. अर्धवट मारलेले जनावर पिकाचे नुकसान थांबवत नाही. कळप शेजारच्या वावरात जातो आणि जखमी डुक्कर गावाच्या जिवाला घोर लावते. अंधारात अंतराचा अंदाज न घेता झाडलेल्या गोळीने माणसाला डुक्कर समजून मारल्याच्या बातम्या कोकणातून अधूनमधून येतात. त्यात मरणारा बहुधा बरोबर राखणीला आलेला सोबतीच असतो. नेमाचा आग्रह हा डुकरावर उपकार करण्यासाठी नाही. त्यात गावाचेही हित आहे.

दुसरी सूचना येईल ती सर्वांना रायफली देण्याची. ती मान्य करता येणार नाही. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर जाऊ शकते आणि आपल्या वस्त्या, पाडे, रस्ते एकमेकांना इतके चिकटलेले आहेत, की तिला मोकळे रान सापडणे अवघड. ठासणीच्या गोल गोळीचा वेग लवकर मरतो, हा नेमाच्या दृष्टीने दोष आणि वस्तीच्या दृष्टीने गुण आहे. अर्थात तीही शेकडो यार्ड जातेच. माळ्यावरून खाली, मातीच्या दिशेने झाडलेली गोळी जमिनीत मुरते. उभ्या माणसाने आडवी झाडलेली गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. माळ्याची उंची ही आपल्या बापजाद्यांनी काढलेली सुरक्षिततेची युक्ती आहे, ती सोडू नये.

पीकसंरक्षणाच्या ठासणीच्या बंदुकीसाठी चार साध्या गोष्टी पुरेशा आहेत आणि त्यांना फारसा खर्च येत नाही. पहिली, अंतराची मर्यादा. गुळगुळीत नळीतून एकसंध गोळी ४० यार्डांपलीकडे जनावरावर झाडू नये. अंतर रात्री अंदाजाने ठरवायचे नसते, दिवसा पावलांनी मोजायचे असते. माळ्याभोवती चाळीस यार्डांवर चुन्याने रंगवलेले दगड ठेवले, तर बॅटरीच्या झोतात मर्यादा आपोआप दिसते. दगडापलीकडच्या कळपासाठी डबा आहे, गोफण आहे, मोकळा आवाजाचा बार आहे.

दुसरी, गोळी. नळीच्या मापाची, साच्यातून ओतलेली शुद्ध शिशाची एकच गोळी, तेलकट चिंधीत गुंडाळून दारूवर टेकेपर्यंत ठासलेली. गोळी आणि दारू यांत पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, म्हणून गजावर खूण करून ठेवावी. खूण तोंडाशी आली की गोळी पोचली. दारू दर वेळी मापानेच घालावी, मुठीने नव्हे. काळ्या दारूची काजळी ओल धरते आणि घाटाच्या दमट हवेत एका रात्रीत नळी गंजते. न पुसलेल्या बंदुकीचा पहिला बार एकीकडे आणि दुसरा भलतीकडे जातो. कधी तर बार फुसकाच निघतो. छर्रे, मणी, सळईचे तुकडे डुकरावर झाडण्यास परवान्याच्या अटींतच मनाई असावी.

तिसरी, परीक्षा. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवान्यासाठी हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाची अट आणली, हे योग्यच झाले. त्याला एक जोड द्यावी. दर वर्षी हंगामाच्या आधी परवानाधारकाने ४० यार्डांवर जेवणाच्या थाळीएवढ्या लक्ष्यावर पाच गोळ्या झाडून दाखवाव्यात. पाचही थाळीत आल्या तर ४० यार्ड त्याचे. नाही आल्या तर ज्या अंतरावर येतील ते त्याचे अंतर. नेमाची विद्या नाशिकला परकी नाही. येथे महाराष्ट्र पोलीस अकादमी आहे, तोफखान्याची शाळा आहे, १९३७ पासून चालत आलेली भोसला सैनिकी शाळा आहे. तालुक्याच्या ठिकाणी वर्षातून दोन दिवस अशी परीक्षा घ्यायला माणसे आणि मैदाने दोन्ही मिळू शकतात.

चौथी गोष्ट शासनाने करायची आहे. जिथे कळप मोठे आहेत, तिथे त्यांचा बंदोबस्त हौशी किंवा हतबल माणसाच्या एका बारावर सोडू नये. वनखात्याने शिकवून तयार केलेल्या नेमबाजांनी, योग्य हत्याराने, ठरलेल्या जागी ते काम करावे आणि जखमी होऊन निसटलेल्या जनावराचा माग काढण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच असावी. पंचनामा आणि भरपाई वेळेत झाली, तर माळ्यावरच्या माणसाचे बोट चापाकडे जरा उशिरा जाईल. बिबट्यासारख्या संरक्षित जनावराच्या बाबतीत तर या बंदुकीचा विचारही मनात येता कामा नये. त्याच्यासाठी वनखात्यालाच कळवायचे असते.

ठासणीची बंदूक आजच्या काळात हास्यास्पद वाटते. वास्तविक तिच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे. ती घाईला दाद देत नाही. मोजून दारू, नीट ठासलेली गोळी, कोरडी केप, ओळखीचे अंतर हे सगळे जमले तरच ती काम करते आणि एकदाच करते. शासनाने तिला परवाना दिला आहे; त्या परवान्यावर गोळीची आणि अंतराची एक ओळ वाढवायला नवा कायदा लागत नाही. पुढच्या हंगामात पेठ-सुरगाण्याचे माळे पुन्हा उभे राहतील. त्याआधी जिल्हाधिकारी कार्यालय आणि वनखाते यांनी एकत्र बसून ही ओळ लिहावी.